आडवी न आलेली सायकल

डेपोत तिला सगळे ‘घड्याळ’ म्हणायचे. तोंडावर नव्हे, पण तिच्या कानावर जाईल इतपत मोठ्याने. तिच्या मार्गावरचे दुकानदार म्हणे तिची बस दिसली की शटर वर करायचे. यात थोडी अतिशयोक्ती असेल, पण फार नाही. नवऱ्याने दुसरीकडे संसार थाटला तेव्हा तिच्या पदरात एक शाळकरी मुलगी, एक पदवी आणि मोठी गाडी चालवायचा परवाना एवढंच होतं. पदवीला कोणी विचारलं नाही. परवान्याने घर चाललं, मुलगी शिकली, आणि शिकून दवाखान्याच्या प्रयोगशाळेत लागली.

सगळी भानगड या नोकरीपासून सुरू झाली. प्रयोगशाळेत रात्रपाळी. संध्याकाळी जायचं, दिवस उजाडताना सुटायचं. जाताना दोन बस बदला, येताना पहिली बस सुटेपर्यंत पेंगत बसा. रोज दुसऱ्यांना वेळेवर पोचवणाऱ्या बाईची लेक मात्र रोज थांब्यावर ताटकळायची. मग एके दिवशी ती सायकल घेऊनच घरी आली. घेऊन म्हणजे खांद्यावर घेऊन, तिसऱ्या मजल्यापर्यंत.

“ही कसली सायकल?” आईने दार उघडताच विचारलं. “हँडल उलटं बसवलंय.”

“उलटं नाही गं. रोड बाइक आहे. यांचं असंच असतं, मेंढ्याच्या शिंगांसारखं.”

“मडगार्ड कुठेय?”

“नसतं.”

“स्टँड?”

“नसतो.”

“घंटी तरी?”

“लावून घेईन.”

“मग हिला आहे तरी काय?”

“वेग,” लेक म्हणाली, आणि लगेच जीभ चावली.

सायकल प्रयोगशाळेतल्या एका डॉक्टरची होती. त्याने हौसेने घेतली, दोनदा पडला आणि बायकोच्या धाकाने विकायला काढली. लेकीने ही हकिकत गंमत म्हणून सांगितली. आईने त्यातला ‘दोनदा पडला’ एवढाच भाग ऐकला.

तिने टायर दाबून पाहिला. अंगठ्याएवढा रुंद, दगडासारखा कडक. तिच्या बसचा एक टायर बदलायला दोन माणसं लागायची.

शिकायला लेकीने इमारतीमागची बंद गल्ली निवडली. साधी सायकल तिला लहानपणापासून येत होती, त्यामुळे पहिल्या दिवशी ती अगदी ऐटीत निघाली आणि दहा पावलांवर थांबली. सीट इतकी उंच की बसल्या बसल्या पाय जमिनीला टेकायचे नाहीत. थांबायचं तर आधी सीटवरून पुढे उतरायला हवं, हेच मुळी ध्यानात राहायचं नाही. पाठ वाकलेली, मान वर उचललेली, सगळा भार तळहातांवर. पहिल्या आठवड्यात तिच्या करंगळ्या इतक्या बधिर झाल्या की चहाचा कप धरताना ती दुसऱ्या हाताचा आधार घ्यायची. गिअर चुकीचा पडला की पाय हवेत फिरल्यासारखे गरागरा फिरायचे, नाहीतर पेडल जागचं हलायचं नाही. आई गॅलरीतून बघायची. कपडे वाळत घालायचं निमित्त करून बघायची. त्या दिवसांत त्या घरातले कपडे फार वेळा वाळत पडले.

मग ते बूट आले. तळाला पट्टी असलेले, पेडलमध्ये खटकन अडकणारे. अडकले की पाय सुटायला टाच बाहेर फिरवायची. हे सांगायला सोपं आहे. पण पडायची वेळ आली की माणूस पाय खाली टेकवायला जातो, आणि पाय तर बांधलेला. लेक गल्लीच्या तोंडाशी थांबायला गेली, क्षणभर जागच्या जागी डुलली आणि तोडलेल्या झाडासारखी आडवी झाली. सायकलीसकट. वेग शून्य.

“अगं बये!” आई वरून ओरडली.

“काही नाही झालं!” खालून उत्तर आलं. “सगळ्यांचं होतं असं! एकदा तरी होतंच!”

“एकदा झालं ना? मग बास की आता!”

पण सगळ्यात त्रास दिला तो मागे वळून बघण्याने. या सायकलीला आरसा नसतो. वळायच्या आधी खांद्यावरून मागे बघावं लागतं, आणि मान वळली की हात वळतो, हात वळला की सायकल वळते. ती हलकी सायकल तर नुसत्या श्वासानेही दिशा बदलते असं वाटायचं. लेकीने खडूने रेघ आखली होती. रेघेवरून सरळ जायचं, मागे बघायचं, पुन्हा पुढे. दर वेळी मान मागे गेली की सायकल रेघ सोडून हातभर आत यायची. प्रत्येक वेळी. आईला ते पाठ झालं. लेकीचं पिवळं हेल्मेट वळलं की तिचा स्वतःचा उजवा पाय गॅलरीच्या फरशीवर दाबला जायचा.

“तू अगदी कडेने चालवत जा,” ती म्हणायची. “गटाराला लागून.”

“कडेला जाळ्या असतात, काचा असतात, लोक गाडीचं दार उघडतात. थोडं आतून चालवावं.”

“आतून चालवणाऱ्यांना आम्ही काय म्हणतो ते ऐकायचंय का तुला?”

“माहितीय. जेवताना रोज सांगतेस.”

वाद मिटेना, तेव्हा आईने तिला सुट्टीच्या दिवशी डेपोत नेलं, सायकलसकट. पोरीला एकदाच काय ते दाखवून द्यावं, म्हणजे भुतासारखी मानगुटीवर बसलेली ही हौस उतरेल, असा बेत. धुऊन उभ्या असलेल्या एका बसच्या चालकाच्या सीटवर तिने लेकीला बसवलं, आरसे तिच्या उंचीला लावून दिले आणि स्वतः सायकल हातात धरून खाली उतरली. बसच्या कडेला, पुढच्या दाराच्या जरा मागे, ती जाऊन उभी राहिली. बरोबर जिथे गटाराला लागून चालणारी सायकल असते तिथे.

“दिसतेय का मी?”

“नाही गं!”

“आरशात बघ!”

“बघतेय! नाहीस तू! कुठे आहेस?”

आता यात नवीन काही नव्हतं. ही आंधळी जागा तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. नव्या चालकांना तीच दाखवायची. पण दाखवायची ती वरून, सीटवरून, बोट करून. तिथे उभी ती कधी राहिली नव्हती. तिच्या खांद्याशी बसचा पत्रा होता. मागचं चाक तिच्या छातीपर्यंत येत होतं. आणि आत तिची स्वतःची मुलगी तिला हाका मारत होती, तिच्याकडे तोंड करून, आणि तिला ती दिसत नव्हती.

लेक खाली आली तेव्हा खूश होती. “बघ, म्हणजे माझंच बरोबर. कडेला असलं की दिसतच नाही. आतून चालवायला पाहिजे.”

“हो,” आई म्हणाली. तिच्या हातातलं हँडल घामाने ओलं झालं होतं.

त्या दिवसानंतर एक चमत्कारिक गोष्ट झाली. लेक सुधारत गेली आणि आई बिघडत गेली. लेकीला बूट जमले, सिग्नल यायच्या आधीच टाच सवयीने बाहेर फिरायला लागली. करंगळ्या परत ठिकाणावर आल्या. मान वळवली तरी सायकल सुतासारखी सरळ जायला लागली. ती दवाखान्यात घामेजलेली आणि हसऱ्या तोंडाने पोचायची. पहाटे परतताना रिकाम्या रस्त्यावर हँडलच्या खालच्या भागाला धरून वाकायची, आणि म्हणायची, “आई, तेव्हा असं वाटतं ना, की रात्रभर ज्या ज्या नळ्यांमध्ये लोकांचं रक्त बघितलं ते सगळं मागे पडलं.” पण आईने ते बूट, ती वळणारी मान, ती खडूची रेघ एवढंच बघितलं होतं. सुधारलेली लेक तिने पाहिलीच नव्हती. लेक निघायची तेव्हा ती स्वयंपाकघरात असायची, परतायची तेव्हा बसवर.

आणि बसवर असताना तिला रस्त्यावर सायकलीच सायकली दिसायला लागल्या. पूर्वी त्या असायच्या तशाच होत्या. पूर्वी तिने त्या मोजल्या नव्हत्या एवढंच. आता प्रत्येक सायकलीमागे ती रेंगाळायची. ओव्हरटेक करायची नाही. केलं तर दोन-दोनदा आरशात बघायची, मग आरशावर विश्वास न बसून सीटवरून अर्धी उठून बघायची. गाडी उशिरा पोचायला लागली. डेपोत नाव बदलायला फार दिवस लागले नाहीत.

“काय घड्याळ, सेल संपला का?” लंबू म्हणाला. हा तिच्याच मार्गावरचा, तिच्या मागच्या गाडीचा चालक, ताडासारखा उंच आणि तोंडाचा फटकळ. “काय ताई, गाडी चालवताय का वरात? तुमच्यामागे माझी पण रांग लागते. पोरं तुम्हाला आता गोगलगाय म्हणतात, सांगून ठेवतो.”

“म्हणू देत. गोगलगाय कोणाला चिरडत नाही.”

“चिरडत नाही, पण कुठे पोचत पण नाही.”

त्या बसमध्ये एक शिंपीकाका असायचे. दुकान मुलाने विकलं होतं, पण सकाळची सवय सुटली नव्हती म्हणून ते रोज बाजारात एका मित्राच्या दुकानात जाऊन काजं-बटणं करत बसायचे. गुडघे गेलेले. एकदा बसलं की उठताना जीव जायचा म्हणून जागा असली तरी ते पुढच्या खांबाला धरून उभे राहायचे, तिच्या सीटमागे. बसा म्हणून सांगून ती थकली होती. चालकाशी बोलू नये अशी पाटी त्यांच्या डोक्यावर होती आणि ते तिच्याखाली उभे राहून घरापासून बाजारापर्यंत बोलायचे. एकदा त्यांनी तिच्या गणवेशाची झिजलेली कॉलर बघितली आणि म्हणाले, “शर्ट द्या ताई, उलटून शिवून देतो. आणखी दोन वर्षं जाईल.” दिला तर खरोखरच नव्यासारखा करून आणला.

“काय ताई, आज पण हळू?” हल्ली ते विचारायचे.

“सायकली फार आहेत काका.”

“असू देत की. तुम्ही तुमच्या वाटेने जा, त्या त्यांच्या.”

सगळे असंच म्हणायचे. त्यांचं चुकत नव्हतं.

त्या सकाळी रस्ता मोकळा होता. ऊन होतं, खड्डा नव्हता, घाई नव्हती. पुढे बऱ्याच अंतरावर एक सायकल चालली होती. खाली वळलेलं हँडल, वाकलेली पाठ, पिवळं हेल्मेट. मुलगी होती. नीट आपल्या पट्ट्यात, कडेपासून थोडी आत, जशी चालवायला पाहिजे तशी चालवत होती. मग पिवळं हेल्मेट वळलं. तिने खांद्यावरून मागे बघितलं.

आणि बस चालवणाऱ्या बाईला माहीत होतं की आता सायकल हातभर आत येणार. दर वेळी येते. तिचा पाय ब्रेकवर गेला आणि तळापर्यंत दाबला गेला.

सायकल आली नाही. रेघेवरून चालावी तशी सरळ पुढे गेली, लांब पुढे हात दाखवून एका गल्लीत वळली आणि दिसेनाशी झाली. मागे काय झालं ते त्या मुलीला आजतागायत माहीत नाही.

मागे शिंपीकाकांनी चष्म्याची डबी काढायला खांब सोडला होता. ते तिच्या सीटच्या बाजूने पुढे आले, कोणीतरी ढकलल्यासारखे, आणि दाराच्या पायरीवर कोसळले. कमरेचं हाड मोडल्याचा आवाज कसा असतो हे तिला त्या दिवशी कळलं. सुकी काटकी मोडावी तसा. ते ओरडलेसुद्धा नाहीत. “डबी,” एवढंच म्हणाले, “माझी डबी बघा जरा.”

डेपोच्या साहेबांनी तिला दुपारी बोलावलं. साहेब वाईट माणूस नव्हता. बसचा पुढचा कॅमेरा किती दिवस बंद आहे हे त्याला ठाऊक होतं आणि त्याची काळजी त्याला जास्त होती.

“काय झालं बाई? अचानक ब्रेक का मारलात?”

ती बोलायच्या आधी दाराशी उभा असलेला लंबू बोलला. “सायकल आडवी आली असणार, दुसरं काय.”

त्या डेपोत आजवर जेवढे म्हणून अपघात झाले त्यांचं कारण हेच होतं. डेपोच्या हिशेबाने त्या शहरात सायकली सरळ कधी चालतच नव्हत्या, आडव्याच चालायच्या. कोणी खोटं बोलतोय असंही कोणाला वाटायचं नाही. पावसाळ्यात छत्री घ्यावी तसं ते वाक्य घ्यायचं. सायकलवाला निघून गेलेला असायचा, त्याचं काही बिघडत नसे, आणि चालकाची सीट वाचायची.

“आडवी आली का?” साहेबांनी विचारलं.

सीट गेली तर काय उरतं, हे तिला मोजायची गरज नव्हती. घड्याळ असो की गोगलगाय, त्या सीटवर ती कोणीतरी होती.

“हो,” ती म्हणाली. आणि खोट्याला खऱ्याचा एक तुकडा जोडला की ते टिकतं, तसं तिने जोडलं. “मुलगी होती. पिवळं हेल्मेट.”

“झालं तर मग,” साहेब म्हणाले. “चार दिवस घरी राहा. मन शांत करा.”

घरी लेक झोपून उठली होती, ओल्या केसांनी चहा पीत होती. आईने सांगितलं. लेकीने कप खाली ठेवला.

“नक्की कुठे झालं?”

आईने जागा सांगितली.

“तिथून सायकल आडवी कशी येईल? रोज जाते मी तिथून. त्या बाजूला गल्लीच नाही, भिंत आहे.”

आईने चपला काढून कोपऱ्यात ठेवल्या.

“हेल्मेट कसलं होतं तिचं?”

“पिवळं.”

मग लेक इतक्या हळू बोलली की आईला मान पुढे करावी लागली.

“आई, मी इथे होते. या पलंगावर. मी झोपले होते गं.”

“माहितीय मला.”

“मग?”

“आता माहितीय.”

चार दिवस संपायच्या आत ती काकांना बघायला दवाखान्यात गेली. फळं घेतली होती, ती हातातच राहिली. काकांचं ऑपरेशन झालं होतं, पण छातीत कफ भरला होता आणि ते ओळखत होते की नाही ते सांगणं कठीण होतं. बाहेर बाकावर काकू बसल्या होत्या. लहानखुऱ्या, नवऱ्याने शिवलेल्या नीटनेटक्या कपड्यांत. तिने आपण कोण ते सांगितलं आणि मान खाली घातली. काकूंनी तिचा हात धरला.

“तुमचा काय दोष ताई? साहेब येऊन सगळं सांगून गेले. हे घरी फार कौतुक करायचे तुमचं. म्हणायचे, बाई माणूस एवढं मोठं धूड चालवते, पण कधी कप हिंदकळणार नाही.” आणि मग त्यांचा आवाज बदलला. “दोष त्या टवळीचा. मागे वळून बघितलं पण नाही म्हणे. पिवळी टोपी घालून हुंदडतात मेल्या. हातपाय मोडोत तिचे. माझी आतडी तुटतायत तशी तिच्या आईची तुटोत. तीही बसू दे अशीच दवाखान्याच्या बाकावर.”

काकू ओरडत नव्हत्या. टाके घालावेत तसं एकेक वाक्य शांतपणे घालत होत्या. हात अजून तिच्याच हातात होता.

ती शिकलेली बाई होती. शिव्याशापांनी कोणाचं काही होत नाही हे तिला माहीत होतं. तिच्या आईचा या गोष्टींवर विश्वास होता आणि ती त्यावरून आईला हसायची. पण तळतळाट कसा असतो हे तिने असं हातात हात घेऊन कधी ऐकलं नव्हतं. आणि तो कुठल्यातरी अनोळखी पोरीला जाऊन लागेल म्हणावं, तर आडवी आलेली ती पोर तिने स्वतःच बनवली होती. काय देऊन? आपल्या लेकीचं हेल्मेट देऊन.

संध्याकाळी लेक बूट घालायला लागली तशी ती म्हणाली, “आज बसने जा.”

“का?”

“जा म्हणतेय ना.”

“आई, दोन बस बदलून मी उशिरा पोचेन. आणि बस म्हणशील तर...” लेकीने वाक्य अर्धवट सोडलं. बसमध्ये काय होतं ते दोघींना माहीत होतं.

त्या आठवड्यात काका गेले. आणि त्यानंतर दोनच दिवसांनी लेक सकाळी घरी आली ती कोपरापासून मनगटापर्यंत सोलवटून. गटाराच्या जाळीत पुढचं चाक अडकलं होतं.

“काही नाही गं, चामडीच गेलीय. गाडीवाल्याला वाट द्यायला कडेला घेतली, माझीच चूक. एवढं काय बघतेस? पडतात सगळे.”

आईची त्या दिवशी सुट्टी होती; ती जखम धूत होती. बारीक खडी चिमट्याने काढत होती. हातपाय मोडोत, असं म्हणाल्या होत्या. हे मोडलं नव्हतं. अजून मोडलं नव्हतं.

ती त्याच दुपारी काकूंच्या घरी गेली. दोन खोल्या, त्यातल्या एकीत शिलाई यंत्र, त्यावर घडी घातलेली चादर. काकूंनी तिला बसवलं. “आलात, बरं वाटलं. बसच्या लोकांपैकी घरी तुम्ही एकट्याच आलात,” म्हणाल्या, आणि चहाचं आधण ठेवलं.

“काकू, आडवं कोणी आलं नव्हतं.”

“म्हणजे?”

“मुलगी होती सायकलवर. पण ती नीट चालली होती, लांब होती. तिने फक्त मागे वळून बघितलं. मला वाटलं माझी लेक आहे, आता आत येणार. म्हणून मी ब्रेक मारला.”

“होती का तुमची लेक?”

“नव्हती. माझी लेक घरी झोपली होती.”

काकूंनी तिच्याकडे नीट बघितलं, कापड मापात आहे का बघावं तसं. “मग तुम्ही वाचवलंत कोणाला?”

“कोणालाच नाही.”

पाणी उकळायला लागलं होतं. काकू उठल्या नाहीत.

“मी त्या पोरीला उठल्यापासून झोपेपर्यंत शिव्या घालते,” त्या शेवटी म्हणाल्या. “तेवढ्यावरच दिवस जातोय माझा.”

“म्हणून आले. त्या परत घ्या काकू.”

“शिव्या काय उसन्या दिलेल्या असतात, परत घ्यायला?”

“मग मला द्या. ज्या तिला दिल्यात त्या सगळ्या माझ्या. पण तिच्या आईला नको. तिला नको.” आपण चुकीचं बोललो हे तिच्या लक्षात आलं. ती पोर म्हणजे आपलीच लेक, तर तिची आई म्हणजे तरी कोण? पण आता ते सुधारून सांगायलाही तोंड नव्हतं.

काकू उठल्या. शेगडीशी गेल्या आणि गॅस बंद केला. आधण तसंच राहिलं.

“या तुम्ही आता, बाई,” त्या म्हणाल्या. आतापर्यंत त्या तिला ताई म्हणत होत्या.

तिथून ती सरळ डेपोत गेली. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“तुम्हाला कोणी विचारलं होतं का?”

“नाही.”

“मिटलं होतं ना सगळं?”

“तुमच्याकडे मिटलं होतं साहेब.”

सीट गेली. नोकरी म्हणायला राहिली, कारण साहेब वाईट माणूस नव्हता. तिला गाड्या धुण्याच्या शेडमध्ये घेतलं, चौकशी पुढे व्हायची होती. लंबूने पहिल्या दिवशी तिला पाइप हातात घेतलेलं पाहिलं आणि त्याला एकही विनोद सुचला नाही, हे तिला फार लागलं. तो नुसता “ताई” म्हणाला आणि आपली गाडी घेऊन निघून गेला. त्यानंतर तिला डेपोत कोणी घड्याळ म्हटलं नाही, गोगलगायही नाही. तिला काहीच म्हणेनासे झाले.

लेकीने ते सगळं एका संध्याकाळी ऐकलं, सगळं म्हणजे शिव्यांसकट. पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून ती भिंतीला टेकवलेल्या सायकलीकडे बघत राहिली.

“मी विकते ती.”

कितीतरी महिने ज्या वाक्याची आईने वाट बघितली होती ते वाक्य हेच. आता ते समोर आलं होतं, फक्त हो म्हणायचा अवकाश. तिने हो म्हणायला तोंड उघडलंही.

“नको,” ती म्हणाली. “चालव.”

“तुला भीती वाटेल.”

“वाटेलच. ती काय सायकल विकून जाणारेय? चालव तू. आता रस्त्यावर मी नाही. तेवढा एक धोका कमी.”

लेकीला हसावं की रडावं कळेना. तिने बूट घातले, सायकल खांद्यावर घेतली आणि जिना उतरली. आई गॅलरीत आली. आज वाळत घालायला कपडे नव्हते. खाली लेकीने एक पाय अडकवला, सीटवर चढली, दुसरा अडकवला, आणि कोपऱ्यावर वळायच्या आधी खांद्यावरून मागे बघितलं. सायकल तसूभरही हलली नाही. आईने हे पहिल्यांदाच पाहिलं. पिवळं हेल्मेट वळणाआड गेलं तरी ती तिथेच उभी होती. काकूंनी शिव्या परत घेतल्या, तिच्या नावावर केल्या, की होत्या तिथेच ठेवल्या, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं; आणि जाऊन विचारावं असं ते घर आता उरलं नव्हतं.